झापिन नव्या रंगमंचावर बसवताना

मलय नृत्य आधुनिक पद्धतीने सादर करायचे ठरले की बहुतेक ठिकाणी पहिला विचार संगीताचा होतो. जुन्या चालीखाली नवा ठेका घालायचा, पोशाखाची चमक वाढवायची आणि शेवटच्या दोन मिनिटांत हिप-हॉप आणून टाळ्या घ्यायच्या, असा तो बेत असतो. अशी सादरीकरणे मी बरीच पाहिली आहेत आणि दर वेळी एकच खंत वाटली: जुने आणि नवे एकमेकांच्या शेजारी उभे राहिले, पण त्यांची ओळख झाली नाही. ती ओळख घडवायची असेल तर नवेपण त्या नृत्याच्या स्वतःच्या नियमांतून काढावे लागते. सिंगापूर, जोहोर किंवा क्वालालंपूर येथे राहणाऱ्या आणि स्थानिक संघांबरोबर काम करण्याची संधी मिळालेल्या मराठी नर्तकांना व नृत्यशिक्षकांना उपयोग व्हावा, म्हणून ही पद्धत येथे मुख्यतः झापिन या एकाच प्रकाराच्या आधारे मांडली आहे.

प्रथम प्रकाराची निवड. मलय नृत्याच्या शिक्षणात असली, इनांग, जोगेत, झापिन आणि मसरी हे पाच मूलभूत प्रकार मानले जातात. असली संथ आहे आणि घंटेच्या आघाताला धरून चालते. तिची सारी शोभा मनगटात आणि बोटांत असते. इनांगचे नाते राजवाड्यातील दायांशी व सेविकांशी जोडले जाते आणि तिच्यात पुष्कळदा ओढणीचा वापर होतो. जोगेत वेगवान आणि आनंदी आहे, आणि मराठी व कोकणी वाचकाला त्याच्याविषयी विशेष आपुलकी वाटावी असे कारण आहे. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. मलाक्कातील पोर्तुगीज वंशाच्या ख्रिस्ती समाजाच्या ब्रान्यो या नृत्याशी जोगेतचे जवळचे नाते आहे. तिथल्या व्हायोलिनची सुरावट ऐकताना गोव्याच्या मांडानंतर येणाऱ्या दुलपदाची आठवण मला नेहमी होते. तरीही नव्या प्रयोगाची सुरुवात जोगेतने करू नये, असे माझे मत आहे. त्याचा वेग इतका सोयीचा आहे की त्यावर काहीही खपून जाते, आणि आपण खरोखर काही घडवले की नुसते मिसळले, हे आपल्यालाच कळत नाही.

झापिन असे फसवू देत नाही. येमेनमधील हद्रमौतच्या अरबांबरोबर हा प्रकार मलय जगात आला आणि जोहोरमध्ये तो इतका रुजला की गावागणिक त्याची रूपे निराळी झाली. लेंगा, पेकाजांग, तेंगलू ही त्यांतील काही नावे. पूर्वी तो केवळ पुरुषांनी करायचा नाच होता आणि लग्नासारख्या प्रसंगी, बसलेल्या पाहुण्यांसमोर, समोरासमोरच्या जोड्यांनी सादर होत असे. सिंगापूरमध्ये मलय चित्रपटांची भरभराट असताना, म्हणजे 1950 च्या आणि 1960 च्या दशकांत, तो पडद्यावर आला आणि स्त्री-पुरुषांच्या जोड्यांचा झापिन लोकांच्या ओळखीचा झाला. हा इतिहास ठाऊक असणे उपयोगाचे आहे, कारण परंपरेत बदल करायचाच नाही असे म्हणणाऱ्यालाही आणि बदलाचा शोध आपणच लावला असे समजणाऱ्यालाही त्यात उत्तर सापडते.

आता मुख्य काम. काहीही बदलण्यापूर्वी झापिनचा सांगाडा नीट समजून घ्यावा. आरंभी गांबुस हे तंतुवाद्य एकट्याने तकसीम वाजवते. हा मुक्त, ठेका नसलेला आलाप असतो आणि त्या वेळी नर्तक बसून वंदन करतात. मग ठेका सुरू होतो आणि जोड्या मूळ चालीने पुढे-मागे जाऊ लागतात. मधूनमधून कोपाक येतो, म्हणजे मारवास या हातात मावणाऱ्या छोट्या ढोलांचा जोरकस भरणा. त्यात एकाचा आघात दुसऱ्याच्या रिकाम्या जागेत पडतो आणि नर्तक उड्या व बैठका घेतात. शेवट वैनाब किंवा तहतुम या समापनाने होतो. धड शांत, हात बेताचे आणि सारी करामत पायांत, हा त्याचा देहधर्म आहे. आलाप, चाल, स्फोट आणि समापन यांतील ताणामुळे झापिन झापिन ठरतो. रेशमी कापड किंवा गांबुसचा स्वर नुसता असून भागत नाही.

म्हणून पहिले काही आठवडे संघाने एकाच गावाचा झापिन, काहीही न बदलता, जाणत्या शिक्षकाकडून शिकावा. आमच्या पहिल्या प्रयत्नात आम्ही ही पायरी गाळली आणि व्हिडिओ पाहून पावले उचलली. पावले बरोबर होती. मात्र तालमीला आलेल्या एका वृद्ध मारवासवादकांनी काही वेळ पाहून एवढेच म्हटले, की तुम्ही पाय मोजता आहात, ढोल ऐकत नाही. मग त्यांनी कोपाकच्या आधी हात किंचित वर उचलून थांबवला आणि आमच्यापैकी पुढच्या जोडीकडे पाहिले. त्या अर्ध्या श्वासाच्या थांब्यात दोघांचे गुडघे आपोआप सैल झाले, आणि पुढची बैठक पहिल्यांदाच एकत्र पडली. ती खूण व्हिडिओत दिसत नव्हती, कारण कॅमेरा नर्तकांवर होता.

शिकून झाल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. संगीत, अवकाश, देह आणि वेश या चारही बाबी एकदम हलवल्या तर प्रेक्षकाला धरायला काही उरत नाही.

संगीतात इलेक्ट्रॉनिक ध्वनी आणायचा असेल तर तो कुठे बसवावा हे वाद्यांनाच विचारावे. मारवासचा आवाज उंच आणि टणक असतो, गांबुस मधल्या पट्टीत राहतो, आणि खालचा खर्ज बऱ्याच अंशी मोकळा असतो. नवा ध्वनी तिथे द्यावा. त्याऐवजी वरच्या पट्टीत टाळीचा किंवा झांजेचा यांत्रिक ठेका घातला की मारवासची परस्परांत गुंफलेली वीण झाकली जाते आणि झापिनचा प्राणच जातो. ढोलकीवर वाजणाऱ्या लावणीची ध्वनिमुद्रित, एकसुरी आवृत्ती ज्याने ऐकली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तकसीमला तर मेट्रोनोमची टिकटिक मुळीच लावू नये. आलाप वादकाच्या श्वासावर चालतो. हवा असल्यास त्याच्या खाली एकच लांब स्वर धरावा आणि ठेक्याची ध्वनिफीत वादकाच्या खुणेनंतर कोणीतरी हाताने सुरू करावी. निदान एक मारवासवादक प्रत्यक्ष मंचावर असावा, याविषयी मी आग्रही आहे. खर्च वाढतो हे खरे, तरीही दिव्यांवरचा खर्च कमी करून हा करावा.

अवकाशाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. समोरासमोरचा झापिन प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या मंचावर आणला की सहसा सगळ्यांना एका रांगेत उभे करून हसतमुखाने समोर पाहायला लावतात. त्याने जोडीतील संवाद तुटतो. जोड्या तिरक्या रेषेत लावून पाहाव्यात, म्हणजे नर्तकांना एकमेकांचे डोळे दिसतात आणि प्रेक्षकांना पाय दिसतात. समकालीन रचनेला येथे खरा वाव आहे: पुढे जाऊन परत येणारी मूळ चाल एका जोडीने पूर्ण करावी, दुसरीने तिची परत येण्याची बाजू रोखून धरावी, तिसरीने ती दुप्पट संथ करावी. पाऊल तेच राहते, त्याचा काळ बदलतो. कोपाकची बैठकही जमिनीवर लोळण्यापर्यंत नेता येते, मात्र उठताना त्याच मात्रेवर मूळ चालीत परतावे, म्हणजे पाहणाऱ्याला हे कुठून निघाले ते कळते.

देहाच्या बाबतीत मलय शिक्षक वारंवार वापरतात तो शब्द म्हणजे लेम्बुत, मऊ. समकालीन प्रशिक्षण घेतलेला नर्तक प्रत्येक हालचालीला टोक देतो. येथे टोक गोल करावे लागते. क्वालालंपूरमध्ये 1983 मध्ये सूत्र ही संस्था स्थापन करणारे रामली इब्राहिम बॅले, आधुनिक नृत्य, भरतनाट्यम् आणि ओडिशी शिकलेले आहेत, आणि त्यांची ओडिशी, माझ्या मते, ठसठशीत ओडिशीच राहते. अनेक शैली अंगात असणे आणि त्या सगळ्या एकाच वाक्यात बोलणे यांत अंतर आहे, हे त्यांचे नृत्य पाहताना मला कळले. नवशिक्याने आपल्या कथ्थकच्या गिरक्या किंवा लावणीची अदा झापिनमध्ये आणण्याचा मोह टाळावा. स्त्री-पुरुषांच्या जोडीत स्पर्श आणायचा विचार असेल तर तोही टाळलेला बरा, कारण हा नाच मुस्लिम समाजाच्या मर्यादेत वाढला आहे आणि अस्पर्श अंतरातला ताण हेच त्याचे सौंदर्य आहे.

वेशभूषेविषयी थोडेच सांगतो. जरीकाम असलेले सोंगकेत जड असते आणि कमरेभोवती गुंडाळलेला साम्पिंग बैठकीत गुडघ्यांना अडवतो. त्याची लांबी कमी करण्यापेक्षा कापड हलके घ्यावे आणि आत मोकळी चुणी ठेवावी. अंगाचा आकार उघड करणारे घट्ट कपडे येथे नवे वाटत नाहीत, परके वाटतात.

काही गोष्टींना हात लावण्यापूर्वी थांबावे. मलेशियाच्या केलांतान राज्यातील माक योंग हे नृत्यनाट्य, ज्याला युनेस्कोने 2005 मध्ये अमूर्त वारशाचा श्रेष्ठ नमुना म्हणून घोषित केले, त्यात रबाब या गजाने वाजवायच्या तंतुवाद्याला सामोरे बसून होणारे आरंभीचे नृत्य आहे आणि त्या परंपरेचा उपचारविधींशीही संबंध आहे. त्याच राज्यात 1991 मध्ये त्याच्या सार्वजनिक प्रयोगांवर बंदी आली. ज्या कलावंतांनी अशा काळातही ही कला जपली, त्यांच्या विधीचा तुकडा उचलून दोन मिनिटांची सुंदर सुरुवात म्हणून वापरणे मला मान्य नाही. त्यांच्याकडे जाऊन शिकावे, किंवा ते सोडून द्यावे.

कार्यक्रमपत्रिकेत झापिन कोणत्या गावाचा, कोणाकडून शिकलेला आणि त्यात कोणता बदल केला, हे तीन ओळींत स्पष्ट लिहावे. आणि रंगीत तालमीच्या किमान दोन आठवडे आधी, बदल करायला वेळ शिल्लक असतानाच, शिक्षकांना बोलावून संपूर्ण रचना दाखवावी. आवडले का, असे विचारू नये. ते सौजन्याने होकार देतील. कोणत्या क्षणी तुम्हाला हा झापिन ओळखता आला नाही, असे विचारावे, आणि ते जिथे बोट ठेवतील तिथून पुन्हा तालीम सुरू करावी.