माती परीक्षण: अर्ध्या किलोत अख्खं रान कसं आणायचं?

एका एकराच्या वरच्या सहा इंचांत साधारण 9 लाख किलो माती असते. प्रयोगशाळेत त्यातली जाते अर्धा किलो, आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातून, शेणखतातून मातीत आलेला कार्बन) मोजायला त्यातलीही जेमतेम ग्रॅमभर लागते. म्हणून अहवाल पटला नाही तर आधी आपण माती कुठून उचलली ते आठवावं. बऱ्याचदा ती जाता जाता बांधाकडेची उचललेली असते.

पीक निघालं की, पुढचं खत पडण्याआधी नमुना घ्या. काळं रान आणि मुरमाड पट्टा यांचे नमुने वेगळे ठेवा. बांध, विहीर, झाडाची सावली, उकिरड्याची जागा टाळा.

आता खुरपं घेऊन नागमोडी चाला. एकरात आठ-दहा जागी पालापाचोळा सारून वीतभर खोल, खाली निमुळता खड्डा करा. आतली माती टाकून द्या. मग खड्ड्याची एक बाजू वरपासून तळापर्यंत दोन बोटं जाडीने खरवडून प्लास्टिकच्या घमेल्यात घ्या. जस्ताचा मुलामा असलेलं घमेलं वापरलं तर जस्ताचा आकडा उगाच चढतो. खताच्या गोणीचंही तेच, शिवणीत अडकलेले डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताचे चार दाणे स्फुरदाचा (फॉस्फरसचा) आकडा फुगवतात.

सगळी माती स्वच्छ कापडावर मिसळा, ढीग सपाट करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाका. उरलेली पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. चिठ्ठीवर नाव, गट नंबर, तारीख, आधीचं आणि पुढचं पीक लिहा.

माती परीक्षणाचा अहवाल देणारी सरकारी मृदा आरोग्य पत्रिका 2015 साली सुरू झाली. तिच्यात 12 घटक असतात. मी आधी सामू (पीएच, म्हणजे जमीन आम्ल की विम्ल) आणि सेंद्रिय कर्ब पाहतो. सामू 6.5 ते 7.5 असला की बहुतेक अन्नद्रव्यं पिकाला नीट मिळतात. चुनखडीच्या काळ्या रानात तो 8 च्या वर जातो. तिथे टाकलेलं स्फुरद चुन्याशी बांधलं जातं, लोह जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही, आणि शिरा हिरव्या ठेवून कोवळं पान पिवळं पडतं. अशा पिवळ्या पानाला युरिया देऊन काय होणार? हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) शेणखतात मुरवून द्या.

मग हिशेब. बागायती गव्हाची नेहमीची शिफारस हेक्टरी 120:60:40, म्हणजे एकरी 48 किलो नत्र (नायट्रोजन), 24 स्फुरद, 16 पालाश (पोटॅशियम). समजा अहवालात नत्र कमी, स्फुरद मध्यम, पालाश भरपूर. ढोबळ नियम असा: कमी असेल तर पाव हिस्सा वाढवा, भरपूर असेल तर पाव हिस्सा कापा. नत्र झालं 60, पालाश 12. स्फुरदासाठी 52 किलो डीएपी लागेल. त्यातूनच 9 किलो नत्र येतं, हे लोक हमखास विसरतात. उरलेल्या नत्राला सुमारे 110 किलो युरिया, निम्मा पेरताना, निम्मा तीन आठवड्यांनी. पालाशसाठी 20 किलो म्युरेट ऑफ पोटॅश हे खत. अहवालात गंधक कमी दिसलं तर डीएपीऐवजी 150 किलो सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. गंधक त्यातूनच मिळतं. मात्र डीएपीतलं नत्र गेल्याने युरिया 130 किलो धरा.

नत्र कमी असणं आणि कर्ब कमी असणं बहुधा जोडीनेच येतं. म्हणून शेणखत, हिरवळीचं खत म्हणून गाडलेला ताग, पिकाचे अवशेष हेही हिशेबात धरा. गव्हाचं काड पेटवून अहवाल वाचत बसण्यात काही हशील नाही.

शेवटी चार-पाच सऱ्या जुन्याच पद्धतीने खत देऊन ठेवा, दोन्ही टोकांना दगड रोवा आणि मळणीला या सऱ्यांचं आणि अहवालानुसार खत दिलेल्या तेवढ्याच जागेचं धान्य वेगवेगळं मोजा. तो आकडा अहवालाच्या मागेच लिहून ठेवा.