शाळेत अपंगांच्या समावेशनाचं वर्कशॉप घ्यायचंय? मग हे वाचा

पुण्यातल्या शाळांमध्ये जाऊन मुलांशी अपंगत्वाबद्दल बोलावं असं आपल्या अपंग लोकांपैकी बऱ्याच जणांना वाटतं पण सुरुवात कशी करायची कळत नाही, म्हणून आमचा ग्रुप कसं करतो ते लिहितेय.

आधी वेळ. 3 डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन म्हणून शाळा स्वतःहून बोलावतात, पण त्या दिवशी सत्कार, भाषणं, नारळ यातच सगळं संपतं. त्यापेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये मुख्याध्यापकांना भेटा. सगळी शाळा हॉलमध्ये बसवू नका, सातवी-आठवीचा एकेक वर्ग घ्या. पेठांमधल्या जुन्या शाळांना नुसते जिने असतात, तेव्हा वर्ग तळमजल्यावर हवा आणि टॉयलेट कुठेय हे फोनवरच विचारून घ्या, त्यात लाजायचं काही नाही. टीममध्ये कर्णबधिर मित्र असेल तर खुणांच्या भाषेचा इंटरप्रिटर आधीच ठरवा.

सुरुवातीला मुलांना चिठ्ठ्यांवर नाव न घालता प्रश्न लिहायला सांगा. मुलं काहीही विचारतात, आंघोळ कशी करता, लग्न होणार का, आणि जमेल तेवढी सरळ उत्तरं द्या, एखादं नाही द्यायचं तर तसं सांगा. मग मोबाईलवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचणारी सोय, लावून दाखवा, ब्रेलचे सहा ठिपके हाताला लागू द्या.

डोळ्यांवर पट्टी बांधून चालायचा खेळ मात्र प्लीज घेऊ नका!! दोन मिनिटांत मुलं घाबरतात आणि अंध असणं म्हणजे नुसतं धडपडणं असं डोक्यात घेऊन घरी जातात, काठी चालवायला शिकावं लागतं, ते एक कौशल्य आहे हे त्यांना कळतच नाही.

खरी मजा खेळाच्या तासाला. बहुतेक शाळांत अपंग मुलाला दप्तरं सांभाळायला नाहीतर स्कोअर लिहायला बसवतात. मुलांना सांगा, की अंधांच्या क्रिकेटमध्ये बॉल आत छर्रे घातल्यामुळे वाजतो आणि बॉलिंग अंडरआर्म असते, म्हणजे नियम बदलून खेळ होतोच की. मग त्यांचाच रोजचा खेळ घ्या आणि व्हीलचेअरवरच्या मुलीला कसा खेळता येईल हे त्यांनाच ठरवू द्या, भांडू द्या, ट्राय करू द्या. मोठ्यांना सुचणार नाहीत असे नियम मुलं काढतात.

वर्गात अपंग मूल असेल तर त्याला उदाहरण म्हणून उभं करू नका. आदल्या दिवशी एकट्याला विचारा, तुला काही बोलायचंय का, नाही म्हणालं तर विषय संपला.

शिक्षकांना अर्धा तास वेगळा द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आणि लर्निंग डिसेबिलिटी (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) सुद्धा येते, म्हणजे ज्याला आळशी म्हणतात तो मुलगाही त्यात असू शकतो. आणि 6 ते 18 वयाच्या ज्या मुलांचं अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त आहे त्यांना जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, शाळेने केलेले उपकार नाहीत हे.

शेवटी मुलांच्या हातात टेप द्या. एक फूट चढायला रॅम्प निदान बारा फूट लांब हवा, तर आपल्या शाळेतला किती आहे ते मोजून त्यांनी यादी करायची. ती मुख्याध्यापकांना मुलांनीच द्यायची, एक कॉपी तुमच्याकडे ठेवा आणि पुढच्या भेटीची तारीख तिथेच पक्की करून निघा, म्हणजे यादीतलं काय झालं ते विचारता येतं.