मीटरच्या ‘टीं’वर विसंबू नका: गाडीच्या वायरिंगमधला फॉल्ट घरच्या घरी शोधताना

एखादा दिवा मंद पेटतो, खड्ड्यात गाडी आदळली की विझतो, ब्रेक दाबला की भलताच दिवा लागतो. मग सल्ले सुरू होतात. बल्ब बदल, रिले बदल, बॅटरी गेली असेल. मी हे तिन्ही बदलून झालोय. जुनी गाडी, गोव्याचा पाऊस आणि खारी हवा असा योग असेल तर आता माझा हात आधी अर्थच्या वायरकडे जातो, म्हणजे दिव्यातला करंट गाडीच्या बॉडीवाटे बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणाऱ्या वायरकडे.

सामान थोडेच लागते. साधा डिजिटल मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, पॉलिश पेपर, दोन टाचण्या आणि दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावलेली पाचेक मीटर वायर. ही लांब वायर कुणी सांगत नाही, पण डिकीतला फॉल्ट बॉनेटखालच्या बॅटरीशी ताडून बघायचा तर ती हवीच.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीचे व्होल्ट बघा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसले की अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारे जनित्र, ठीक.

फ्यूज उपटून उजेडात धरून बघू नका, केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही. तो जागेवरच ठेवा, सर्किट चालू करा, टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि त्याचे टोक पाठीवरच्या दोन्ही उघड्या ठिपक्यांना एकेक करून टेकवा. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज चांगला. उडालेल्या १० अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी २० चा पिवळा घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. मग फ्यूज उडत नाही, वायर जळते.

आता बसून विचार करा. एकच दिवा पूर्ण गेला असेल तर बल्ब, होल्डर किंवा त्याची वायर. दोन-तीन दिवे मिळून वेड्यासारखे वागत असतील तर त्यांच्यात सामाईक काय ते शोधा. ते सहसा अर्थच असते.

माझ्या गाडीचेच सांगतो. मी डिचोलीहून पणजीला मये-चोडणमार्गे जायचो, चोडण-रायबंदर फेरीबोटीने, वर्षानुवर्षे. भरतीच्या वेळी धक्क्यावर मांडवीचे खारे पाणी चाकांना लागायचे. एका पावसाळ्यात ब्रेक दाबला की मागचे पार्किंग दिवे, स्विच बंद असतानाही, मिणमिणायला लागले. डाव्या बाजूचा ब्रेकचा दिवा मात्र अंधूक. मी बल्ब बदलले. मग ब्रेकचा स्विच बदलला. शेवटी एका गॅरेजवाल्याने डाव्या बाजूचा अख्खा लाइट बदलायला लावला. दोन दिवस बरे चालले, कारण खोलताना-लावताना वायर हलली होती. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या आठवड्यात, डिकीत माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचे) सामान भरलेले असताना, परत तेच.

त्या वेळी मी एक चूक तीनदा केली, आणि ती जवळजवळ सगळेच करतात. मीटर ‘टीं’ वाजवणाऱ्या खुणेवर ठेवला, एक टोक लाइटच्या अर्थला, दुसरे बॉडीला. टीं वाजले. म्हणजे अर्थ चांगला, असे समजून मी पुढे गेलो.

ती ‘टीं’ काही सांगत नाही. अनेक मीटर पंचवीस-तीस ओहमपर्यंत बिनदिक्कत वाजतात, आणि वायरच्या सगळ्या तारा कुजून एकच उरली असली तरी वाजतात. तपासताना मीटर जो करंट सोडतो तो नगण्य असतो. २१ वॅटच्या ब्रेकच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात. साकवावरून एक माणूस चालत गेला म्हणून त्यावरून ट्रक जाईल असे कुणी म्हणत नाही ना? तसेच हे. दिव्यांच्या वाटेत एक-दीड ओहम अडथळासुद्धा जास्त झाला. बल्ब काढून होल्डरमध्ये व्होल्ट मोजणेही तितकेच फसवे. करंट वाहतच नसल्यामुळे कुजक्या वायरवरही पूर्ण १२ दिसतात.

म्हणून मोजायचे ते ओझे अंगावर असताना. बल्ब जागेवर, दिवा चालू, कनेक्टर जोडलेला. ब्रेकचा दिवा असेल तर पेडलवर वीट ठेवा किंवा घरातल्या कुणाला तरी बसवा. मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी पिन लांब वायरने बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा, आणि इथे माझा आग्रह आहे: क्लॅम्पला नव्हे, शिशाच्या खांबालाच. क्लॅम्प आणि खांब यांच्यामध्येही फॉल्ट असू शकतो आणि तो मोजमापातून निसटता कामा नये. लाल पिन लाइटच्या अर्थच्या वायरला लावा. कनेक्टरच्या मागच्या बाजूने टाचणी अलगद आत सरकवून तिला पिन टेकवायची. वायरच्या कव्हरला भोक पाडू नका, पुढच्या पावसात तिथूनच पाणी शिरेल.

०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत आले तर अर्थ निर्दोष. माझ्याकडे ३.४ आले. म्हणजे बल्बच्या वाट्याचे साडेतीन व्होल्ट परतीच्या वाटेतच संपत होते. पुरती वाट न मिळालेला करंट मग उलटा पार्किंगच्या फिलामेंटमधून शिरून दुसऱ्या बाजूच्या अर्थवरून परतत होता. म्हणून ते दिवे मिणमिणत होते. भूतबाधा नव्हती.

आता काळी पिन तिथेच ठेवून लाल पिन एकेक टप्पा बॅटरीकडे सरकवा. आधी अर्थच्या वायरचे बॉडीकडचे टोक, मग तिथला थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी), मग त्याचा बोल्ट, मग बोल्टशेजारचा उघडा पत्रा, मग बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला मिळते ती जागा. आकडा जिथे धप्पकन पडतो, तिथे आणि आधीच्या जागेमध्ये फॉल्ट. घाई करू नका. पत्र्यावरच्या पेंटवर पिन टेकवली तर खोटे वाचन येते, खरवडूनच टेकवा. माझ्याकडे थिंबलवर ३.३ आणि शेजारच्या पत्र्यावर ०.१. डिकीच्या डाव्या कोपऱ्यात अस्तराच्या मागे तो बोल्ट होता. डिकीचे रबर सैल पडून पावसाचे पाणी नेमके तिथे ठिबकत होते. सोलकढी पितळेच्या भांड्यात राहिली की जशी कळकते, तसा थिंबल हिरवा पडलेला, खाली गंज.

अर्थ निर्दोष निघाला तर हीच तपासणी पॉझिटिव्हकडून करा: लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, काळी बल्बच्या पॉझिटिव्हला. तिकडे वाटेत फ्यूज, स्विच आणि रिले असतात, त्यामुळे अर्धा व्होल्ट चालतो. त्याहून जास्त असेल तर तसेच टप्प्याटप्प्याने मागे या.

दुरुस्तीआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. बोल्ट सोडवा, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा. थिंबल घासून भागत नाही. हिरवेपणा तारांमधून कव्हरच्या आत चढतो, तेव्हा लाल तांबे दिसेपर्यंत वायर छाटा, तुकडा जोडायची वेळ आली तरी चालेल. नवा थिंबल नीट दाबून बसवा, दातेरी वॉशर घाला, घट्ट करा आणि मगच वरून ग्रीस लावा. तारा पिळून काळी टेप गुंडाळणे हा उपाय नाही. मे महिन्यात तिचा डिंक वितळतो आणि जूनमध्ये ती सुटते. पाणी येण्याची वाटही बुजवा, नाहीतर पुढच्या श्रावणात परत तिथेच बसाल.

उंदरांनी कुरतडलेली वायर मात्र मीटरशिवायच सापडते. पोर्चमधली गाडी असेल तर बॉनेट उघडून लेंड्या शोधा.

पिवळ्या आवरणातल्या एअरबॅगच्या वायरींना टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावू नका. ईव्ही किंवा हायब्रिडच्या नारिंगी केबल्सना बोटही लावू नका. तिथे माहीतगार माणूसच हवा.

सगळे जोडून झाले की दिवा चालू करून तेच मोजमाप पुन्हा घ्या. माझे ०.०६ आले. मी मार्करने तारखेसह डिकीच्या अस्तरामागे लिहून ठेवले आहे. निगेटिव्ह केबल काढली होती, तेव्हा घड्याळ आणि रेडिओची स्टेशने परत लावावी लागतील.