दत्तक घेतलेल्या कुत्र्याचा विश्वास कसा मिळवावा

निवारागृहातून किंवा रस्त्यावरून घरी आणलेला कुत्रा पहिल्या दिवशी निमूट बसून राहिला, तर तो रुळला असे समजू नये. पुष्कळदा तो भीतीने गोठलेला असतो. सुरुवातीची धास्ती ओसरण्यास 3 दिवस, दिनक्रम अंगवळणी पडण्यास 3 आठवडे आणि घर आपले वाटण्यास 3 महिने लागतात, असा एक ढोबळ आडाखा प्राणिप्रेमी सांगतात, मात्र भेदरलेल्या कुत्र्याला त्याहून कितीतरी अधिक काळ लागू शकतो.

सुरुवातीचे दिवस पाहुणे आणि गर्दीच्या जागा टाळाव्यात. वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात त्याचे अंथरूण घालावे आणि तो तिथे असताना कोणीही, विशेषतः मुलांनी, त्याला हात लावू नये. खाणे, फिरणे आणि झोप यांच्या वेळा शक्यतो बदलू नयेत, कारण पुढे काय घडणार याचा अंदाज येऊ लागला की त्याची धास्ती कमी होते.

जवळ कधी यायचे हे त्यालाच ठरवू द्यावे. त्याच्याकडे रोखून न पाहता, अंग थोडे तिरके ठेवून जमिनीवर बसावे आणि खाऊ आपल्या हातातून देण्याऐवजी त्याच्या पलीकडे टाकावा. घाबरट कुत्रा खाऊच्या मोहाने जवळ येतो खरा, पण खाऊन झाल्यावर आपण माणसाच्या फार जवळ आलो आहोत हे जाणवून अधिकच बिथरतो. तो आपणहून अंग टेकवू लागला, की डोक्यावरून हात न नेता छातीवर किंवा खांद्यापाशी 2-3 सेकंद कुरवाळावे आणि थांबावे. तो पुन्हा सरकून आला तर पुढे चालू ठेवावे. त्याने तोंड फिरवले, ओठ चाटले, झोप आलेली नसताना जांभई दिली किंवा त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, तर हात मागे घ्यावा. प्रेमाच्या भरात मिठी मारण्याची आपली सवय बहुतेक कुत्र्यांना रुचत नाही, हे पचवणे माणसाला जड जाते.

गुरगुरण्याबद्दल कधीही शिक्षा करू नये. गुरगुरणे ही पूर्वसूचना असते आणि ती दडपली गेली, तर कुत्रा पुढच्या वेळी इशारा न देता चावू शकतो. खाताना तो गुरगुरत असेल, तर वाडगा हिसकावून ‘मालक कोण’ हे दाखवण्याची जुनी शिकवण सरळ बाजूला ठेवावी. त्याला एकांतात खाऊ द्यावे. एरवी शांत असणारा कुत्रा विशिष्ट जागी स्पर्श होताच चिडत असेल, तर वेदनेची शक्यता धरून पशुवैद्यांकडून तपासून घ्यावे.

नवखा कुत्रा दचकून पळाला, तर त्याला घराची वाट ठाऊक नसते. म्हणून फिरवताना नीट बसणारा हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि गळ्यात फोन क्रमांकाचा बिल्ला असावा, आणि दार उघडण्यापूर्वी पट्टा हातात असावा. एकटे राहण्याची सवयही अशीच हळूहळू लावावी: आधी काही सेकंद दाराबाहेर थांबून परत यावे आणि तो अस्वस्थ होत नसेल तरच वेळ वाढवत न्यावी.