हातानं वळायचं प्लास्टिक मागवायच्या आधी

स्कूटरचा पिशवी अडकवायचा हुक मोडला म्हणून मी ऑनलाइन ते पांढऱ्या दाण्यांचं प्लास्टिक मागवलं, गरम पाण्यात टाकून कणकेसारखं वळायचं असतंय ते, आणि हुक असला झकास झाला की गल्लीत चार जणांना दाखवून आलो. मग एप्रिलात बेळगावच्या खडेबाजारात स्कूटर उन्हात लावली, दोन तासांनी येऊन बटाट्याची पिशवी अडकवली आणि टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटपाशी हुक जिभेसारखा खाली लोंबला, बटाटे रस्त्यावर, मागनं हॉर्न. म्हणून ही यादी.

सगळ्यात आधी, काही मागवायच्या आधी, किंमत बघायच्याही आधी, एकच विचारायचं: केलेली वस्तू राहणार कुठं आणि तिथं किती तापतंय? ते दाणे पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे असतात, पाकिटावर पीसीएल लिहिलेलं असेल नाहीतर पॉलिमॉर्फ, इन्स्टामॉर्फ असलं काहीतरी नाव. साधारण 60 डिग्रीला वितळतंय, म्हणून तर घरी जमतंय, आणि म्हणूनच उन्हात मातीमोल होतंय. वजन लटकलेलं असेल तर 60 पर्यंतही जायला लागत नाही, त्याच्या आधीच हळूहळू वाकायला लागतंय. वस्तू जिथं बसणार तिथं भर दुपारी बाराला जाऊन हात लावून बघा, हात ठेवून राहता येत नसेल तर हे दाणे तिथं नकोत. गाडीचा डॅशबोर्ड नको, गॅसजवळ नको, चहाच्या भांड्याची मूठ तर अजिबात नको. शेजारच्या अक्कांनी माझा हुक बघून त्याच दिवशी कानडीत म्हटलं होतं, "बिसिलल्ली इडबेडि", उन्हात ठेवू नका, मी हसून सोडून दिलं. अक्कांना केमिस्ट्री येत नाही, पण पापड वाळवून वाळवून ऊन काय करतंय ते कळतंय की.

बरं, मग दुसरं काय घ्यायचं. तापणारी जागा असेल आणि वस्तू कडक हवी असेल तर एम-सीलसारखी इपॉक्सी पुट्टी, दोन गोळे सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळायचे, ग्लोव्हज घालून, नुसत्या हातानं नको, कातडीला त्रास होतोय काहींना. एकदा बसली की परत मऊ होत नाही, पण कानशीनं घासता येतीय, ड्रिल मारता येतंय. पातळ केली आणि पडली तर मात्र तुटतीय. शोपीस, भिंतीवरची नक्षी असलं काही असेल तर शिल्पकार नावाची क्ले बरी, तीही दोन भागांचीच. जुनं पाकीट घेऊ नका, दाबून बघा, आतला गोळा दगड झाला असेल तर दुकानदाराला तिथंच परत द्या.

रबरासारखं लवचिक पाहिजे असेल, वायरच्या तोंडाशी नाहीतर चाकूच्या मुठीला, तर सुग्रू नावाचं हातानं वळायचं रबर चांगलं, ते सिलिकॉन असल्यामुळं उन्हाला दाद देत नाही, पण इकडच्या दुकानांत मला कधी दिसलं नाही. त्यापेक्षा हार्डवेअरमधनं व्हिनेगरचा वास येणारी सिलिकॉनची ट्यूब आणा, त्यात कॉर्नफ्लोअर मळा, थोड्या मिनिटांत हातानं वळता येईल असा गोळा होतंय. ग्लोव्हज घालून आणि व्हरांड्यात बसून करा, वास डोक्यात जातोय. बेक करायची पॉलिमर क्ले सोडूनच द्या, ती साधारण 110 ते 130 डिग्रीला भाजावी लागतीय, जास्त तापली तर विषारी धूर, आणि ज्या ओव्हनमध्ये नानकटाई करता त्यात ती घालवत नाही.

एवढं करून दाणेच घ्यायचे ठरलं (सावलीतली वस्तू आहे ना? परत एकदा विचारा स्वतःला), तर किती घ्यायचे? अंदाजानं मागवू नका, महाग आहेत. आधी कणकेचा तसाच आकार करा, मापाच्या ग्लासात पाण्यात बुडवा, पाणी किती वर चढलं बघा. 100 मिली चढलं तर दाणे 115 ग्रॅमच्या आसपास लागतात. कणकेनं आकारही कळतोय, माझा पहिला हुक कणकेतच चुकला होता, दाणे वाचले.

भांडं काचेचं नाहीतर स्टीलचं, प्लास्टिकचा मग अजिबात नको, गरम दाणे त्याला चिकटले की दोन्ही गेलं. पाणी उकळतं लागत नाही, उकळवून त्यात थोडं गार घाला. पांढरे दाणे काचेसारखे आरपार दिसायला लागले की झालं, चमच्यानं गोळा काढा, पाणी आत अडकतंय ते दाबून काढा आणि मगच वळा, नाहीतर आत पोकळी राहतीय आणि बोटं भाजतात ते वेगळंच.

गुळगुळीत लोखंडाला नुसतं धरत नाही, भोवतीनं गुंडाळा नाहीतर भोकातनं आरपार घाला. गार पाण्यात बुडवलं की लवकर पांढरं होतंय. कापायला ब्लेड. रंग नंतर.

चुकलं तर परत गरम पाण्यात टाका, ती एक सोय आहे त्यात. माझ्या लोंबलेल्या हुकाची आता खुरप्याची मूठ झालीय, ते खुरपं परसात माठाच्या मागं सावलीत असतंय. स्कूटरला उद्यमबागेतल्या लेथवरनं नायलॉनच्या रॉडचा हुक करून आणला.