'बाथरूममध्ये घसरून पडल्या'

समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षी माझं फील्डवर्क एका सरकारी रुग्णालयात होतं. पहिल्याच आठवड्यात एक ताई हात मोडून आल्या. केसपेपरवर लिहिलेलं, 'बाथरूममध्ये घसरून पडल्या'. मी विचारलं, "ताई, घरात तुमच्यावर काही अत्याचार होतो का?" "छे हो!" नवरा दाराशीच उभा होता.

आमच्या मॅडमनी त्याला एक्सरेच्या रांगेत पाठवलं, पडदा ओढला आणि हळूच विचारलं, "कधी हात उगारतो का? ढकलतो? पगार काढून घेतो?" ताईंचा बांध फुटला. मार त्यांच्या लेखी अत्याचार नव्हताच, तो रोजचा होता.

या कामात नव्याने येणाऱ्यांनो, कुठलाही आकडा वाचताना तो कोणत्या प्रश्नातून आणि कोणासमोर निघाला ते आधी बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 'थप्पड मारली का, केस ओढले का' असं एकेक कृत्य विचारतात. एका घरातल्या एकाच बाईला, आणि एकांत मिळाला तरच. म्हणून २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली जेमतेम १४ टक्क्यांनी. ७७ टक्के कोणाशीही बोलल्या नाहीत, आईशीसुद्धा नाही.

आणि पोलिसांकडे? २०२२ मध्ये देशभरात नवरा व सासरच्यांच्या क्रूरतेचे सुमारे १ लाख ४० हजार गुन्हे नोंदले गेले. त्यातही एका गुन्ह्यात अनेक कलमं असली तर सगळ्यात गंभीर कलमाखालीच मोजणी होते. बाईचा हुंडाबळी गेला, तर तिचा आधीचा छळ वेगळा मोजला जात नाही. कित्येक तक्रारी एनसीवरच, म्हणजे अदखलपात्र नोंदीवरच, थांबतात. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकारी भरतात तो घरगुती घटना अहवाल म्हणजे एफआयआर नव्हे, त्यामुळे गुन्ह्यांच्या बेरजेत तो येतच नाही.

माझ्या पहिल्या अहवालात मी लिहिलं होतं, 'तालुक्यात हिंसाचार वाढला'. सरांनी एवढंच विचारलं, "त्या वर्षी पोलीस ठाण्यात काय बदललं?" जाऊन पाहिलं, तर तिथे महिला समुपदेशक आली होती. बसायला वेगळी खोली होती. बायका बोलायला लागल्या होत्या. ते वाक्य मी खोडलं. आजही केसेस कमी झाल्याचं कोणी कौतुकाने सांगितलं की मला धास्ती वाटते.

मुलांच्या बाबतीत मात्र नियम वेगळा, तो पाठच करा. सज्ञान बाईने तक्रार करायची की नाही हे तिने ठरवायचं. लैंगिक अत्याचार अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर झालेला असेल, तर पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून 'कोणाला सांगणार नाही' असं वचन मुलाला कधीही देऊ नका. मुलांसाठीचा १०९८ आणि महिलांसाठीचा १८१ हे दोन्ही हेल्पलाइन नंबर तोंडपाठ हवेत.

त्या ताईंनी तक्रार केली नाही. मात्र त्यांना विचारून मॅडमनी केसपेपरवर त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं, 'नवऱ्याने ढकललं'. एक प्रत ताईंनी मागून घेतली. घरी नेली नाही, माहेरी आईच्या ट्रंकेत ठेवायला दिली.