ऑर्किड फुलत नाही? या चुका टाळा

"पानं कशी हिरवीगार आहेत, पण फूल म्हणून नाही," असं कुणी म्हटलं की मी आधी कुंडी कुठं ठेवलीय ते विचारतो. काळपट हिरवं पान म्हणजे उजेड कमी. सोलापूरच्या उन्हाच्या धास्तीनं लोक ऑर्किड हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवतात. तिथं ते जगतं, फुलत नाही.

माझ्या बहिणीचं डेंड्रोबियम (ऑर्किडचाच एक प्रकार) अडीच वर्षं तसंच होतं. धीर सुटला, तेव्हा तिनं 0:52:34 हे स्फुरद-पालाशचं खत आणून हात सैल सोडून फवारलं. मुळांची टोकं करपली. मग पानं गळलेल्या कांड्या मेल्या समजून कापायला घेतल्या. मी पोचलो तेव्हा चार कांड्या केराच्या सुपलीत होत्या. फार वाईट वाटलं. त्याच कांड्यांत रोपाचं पाणी आणि अन्न साठलेलं असतं, त्यांना पुन्हा तुराही येऊ शकतो. कांडी तपकिरी, पोकळ होईपर्यंत मी कात्री लावत नाही.

उरलेलं रोप पूर्वेच्या गॅलरीत 50 टक्क्यांच्या हिरव्या जाळीखाली टांगलं. एका दिवसात नव्हे, पंधरा दिवसांत थोडं थोडं पुढं सरकवत. नाहीतर पानं भाजतात. हळूहळू ती पोपटी झाली. नवी कांडी भरली आणि पुढच्या पावसाळ्यात तिला नऊ फुलं आली. खत साधंच: 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं), लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही आधी मुळं भिजवून. आठ दिवसांत फूल आणणारी बाटली मागू नका.

काळी माती नकोच. कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं पुरे.

मूळ रुपेरी दिसलं की पाणी द्या, हिरवं असेल तर थांबा. बोअरच्या जड पाण्यानं क्षार साठतात. मी पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवतो. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी पडते, तेव्हा जुनी सोलापुरी चादर ओली करून जाळीच्या पश्चिमेला टांगतो.

फॅलेनोप्सिस या दुसऱ्या ऑर्किडला थेट ऊन नको, पण गारवा हवाच. पारा सतत 28 अंशांच्या वर असेल तर ते फुलाची दांडी काढत नाही. म्हणून दिवाळीनंतर ते बंद खोलीत कोंडू नका, रात्री खिडकीजवळ ठेवा. गड्ड्याच्या (संक्रांतीच्या वेळची सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) सुमारास पानाच्या बगलेतून काही निघालं तर नीट बघा: गोल, गुळगुळीत टोक म्हणजे मूळ, चपटं, थोडं टोकदार म्हणजे फुलाची दांडी. ती दिसल्यावर कुंडी फिरवू नका, होळीपर्यंत वाट बघा.